आधी ओळंबा, मग ग्राइंडर: खाली बसवलेल्या पिकअपचं टायर घासतं तेव्हा

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तू कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतोस. १९९५ ची शेवरले सी-१५०० घेतलीस, सिंगल केबिन, आखूड हौदा, टू-व्हील ड्राइव्ह. आधीच्या मालकाने ती पुढून ४ इंच आणि मागून ६ इंच खाली बसवलेली. चाकं २० बाय ९ इंच, ऑफसेट (चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला टेकणारं पृष्ठ यांच्यातलं अंतर) शून्य, टायर २८५/४५ आर २०, म्हणजे २८५ मिलिमीटर रुंद, बाजूची भिंत रुंदीच्या ४५ टक्के, रिम २० इंची. तक्रारी चार. ड्राइव्हवेतून मागे घेताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढचं टायर बंपरच्या खालच्या कोपऱ्याला घासतं. मागचं डावं टायर खड्ड्यात हौद्याच्या कडेला लागतं, उजवं मात्र लागत नाही. स्पीडब्रेकरवर मागून ‘धाड’ असा आवाज येतो. आणि ६० मैलांच्या पुढे सीटखाली थरथर जाणवते. शेवटी विचारलंस, “काका, मडगार्डची कड आतून कापून टाकू का?”

काका म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. कापू नकोस. निदान आज तरी नको.

मी मूळचा कोल्हापूरचा. चासीच्या कामावर हात बसला तो उद्यमनगरात, आणि गेली २२ वर्षं सॅन होजेत सस्पेन्शनचंच काम करतोय. तिकडे पिकअपचं टायर घासायचं ते माल ठासून भरल्यामुळे, आणि उपाय ठरलेला, पाटा (लीफ स्प्रिंग) वाढवा. इकडे लोक पैसे मोजून गाडी खाली घेतात आणि मग आमच्याकडे येऊन म्हणतात, घासतंय. कारण उलटं असलं तरी शोधायची रीत तीच. टायर कशाला लागतंय, त्या क्षणी पाटे किती दबलेत आणि चाक किती वळलंय, हे कळल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही.

तू सगळ्यात जास्त लिहिलंस ते बंपरच्या घासण्याबद्दल, आणि त्या ‘धाड’बद्दल जेमतेम एक ओळ. मी उलट क्रमाने जाणार आहे. पुढचं घासणं म्हणजे कटकट आहे. मागचा आवाज म्हणजे धोका आहे. तो दुरुस्त होईपर्यंत हौद्यात काही भरू नकोस, सिमेंटची एक गोणीसुद्धा नको.

तुझ्या तिसऱ्या फोटोत एक्सलची नळी आणि चासीची खालची कड यांच्यात दीड इंचाच्या वर जागा दिसत नाही. एक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेला बंप स्टॉपचा रबर तर गायबच आहे. झालंय ते असं. कंपनीतून ही गाडी निघते तेव्हा मागचे पाटे एक्सलच्या वर बसलेले असतात. आधीच्या मालकाने फ्लिप किट घातलं, म्हणजे एक्सल पाट्यांच्या खालून काढून वर घेतला. पाट्यांच्या थराची जाडी अधिक एक्सलच्या नळीची जाडी, एवढी चासी एका झटक्यात खाली येते. पाट्यांचा कडकपणा बदलत नाही, त्यामुळे रिकामी गाडी झोकात चालते. युक्ती चांगली आहे, मीही शेकड्याने बसवली असतील. पण एक्सल वर घेतला की त्याच्या डोक्यावर चासीची पट्टी येते. पाटा दबायला सुरुवात होते न होते तोच लोखंडावर लोखंड आपटतं. म्हणून फ्लिपबरोबर चासीला सी-नॉच कापावीच लागते. एक्सलच्या बरोबर वर चासीच्या पट्टीत अर्धगोल खाच घ्यायची आणि जेवढं लोखंड काढलं त्याची ताकद जाड पत्र्याच्या तयार तुकड्याने भरून काढायची. तुझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने गाडी खाली आणण्याचे पैसे खर्च केले आणि खाचेचे वाचवले. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता जुनी खाली बसवलेली गाडी दारात आली की मी पहिला वाकतो तो मागच्या एक्सलपाशी.

नॉचचं काम घरी करायचं असेल तर दोन दिवस मोकळे ठेव आणि वेल्डिंगचा अनुभव असलेला माणूस बरोबर घे. तो नसेल तर एवढं काम गॅरेजला दे, इथे पैसे वाचवू नकोस. एक्सलच्या मध्याची खूण चासीवर करायची ती हौदा बसलेला असताना, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना. हौदा काढून, जॅकवर उचलून खूण केलीस तर खाच भलत्याच ठिकाणी येईल. खूण झाली की हौदा उचल. तेल भरायच्या नळीचे स्क्रू झाकणापाशी आधी सोडव, मागच्या दिव्यांचा प्लग आणि अर्थिंगची तार सोडव, मग बोल्ट. चार माणसांत हौदा निघतो. या गाडीत इंधनाची टाकी डाव्या बाजूला, एक्सलच्या पुढे असते. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्याही डाव्या पट्टीला धरूनच मागे जातात. ग्राइंडरच्या ठिणग्या नेमक्या तिथेच उडणार. मी टाकी खाली उतरवल्याशिवाय डाव्या बाजूला ग्राइंडर लावत नाही. ग्राहक म्हणतो, एवढं कशाला, ओलं पोतं टाका की. पोतं टाकून काम करणारे आहेत. मी त्यातला नाही. बॅटरीची ऋण तारही काढून ठेव.

चासीला घोड्या लावायच्या त्या खाचेच्या पुढेही आणि मागेही, आणि एक्सलला वेगळा आधार. दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. एक कापून, तुकडा बसवून, बोल्ट आवळून झाल्यावरच दुसरी. कापताना कोपरे आधी गोल भोकाच्या करवतीने पाडून घे आणि मग दोन भोकांमधली रेघ काप. चौकोनी कोपरा सोडलास तर तडा तिथूनच सुटतो, वर्ष लागो की तीन वर्षं. कडा कानशीने गुळगुळीत कर. बोल्ट ग्रेड ८ चे, आणि पट्टीच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा वेल्ड टाकायचा नाही. तिथे सगळ्यात जास्त ताण असतो आणि वेल्डच्या उष्णतेने आजूबाजूचं लोखंड कमजोर होतं. शेवटी उघड्या लोखंडाला प्रायमर आणि रंग दे. इथल्या सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या हवेत गंज वाट बघत बसत नाही.

खाच झाली की नवा बंप स्टॉप बसव. गाडी रिकामी उभी असताना रबर आणि एक्सल यांच्यात निदान अडीच इंच मोकळे हवेत. लोक इथेच थांबतात, आणि मग महिन्याभरात दुसरा आवाज घेऊन येतात. कारण आता एक्सल आधीपेक्षा वर जाऊ शकतो, आणि तिथे वर काय काय आहे ते कोणी पाहिलेलंच नसतं. सायलेन्सरची मागची नळी एक्सलच्या वरून जाते, ती आता खाचेच्या आणि एक्सलच्या नळीच्या मध्ये चिरडली जाईल. ती एक्सलच्या आधीच बाहेरच्या बाजूला वळवून घे, पण तोंड हौद्याच्या कडेबाहेर निघालं पाहिजे, नाहीतर धूर हौद्याखाली कोंडून मागच्या काचेतून केबिनमध्ये येतो. एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा हौद्याच्या आडव्या पट्टीला लागतो का, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो का, शॉकॲब्सॉर्बर आतून टेकतो का, हेही बघ. जुने लांब शॉक तसेच ठेवले असतील तर ते बंप स्टॉपच्या आधी टेकतात आणि दोन-चार महिन्यांत गळायला लागतात. खाली बसवलेल्या गाडीसाठी आखूड शॉक मिळतात, तेच घे.

आता डावं टायर.

एकच बाजू घासते तेव्हा टायर मोठं आहे हे कारण पुरेसं नसतं. दोन्हीकडे टायर तेच आहे ना? मग काहीतरी मध्यावर नाही. इथे माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक जुनी पिकअप आली होती, डावीकडेच घासणारी. मी उत्साहात हौद्याची कड आतून कापली आणि पाठवून दिली. आठ दिवसांनी परत. पुन्हा घासतंय. तेव्हा माझ्या वस्तादाने खिशातून दोरी काढली, तिला एक नट बांधला आणि कडेवरून खाली सोडला. हौदाच चासीवर १० मिलिमीटर उजवीकडे सरकलेला होता. कधीतरी मागून ठोकर बसली असणार. बोल्ट सैल केले, पहार लावून ढकलला, आवळला. वीस मिनिटं. आणि मी कापलेली कड परत वेल्ड करून, पुटी भरून, रंगवून द्यायला तीन दिवस लागले, माझ्या खिशातून.

तू हेच कर. सपाट जागा शोध, ड्राइव्हवेचा उतार चालणार नाही. चारही टायरांत हवा सारखी भर. गाडी दोन-चार फूट पुढे-मागे घे आणि मागून दाबून सोड, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतील. मग मागच्या चाकांपाशी प्रत्येक बाजूला दोन मापं घे. पहिलं, चासीच्या बाहेरच्या भिंतीपासून टायरच्या आतल्या भिंतीपर्यंत. दुसरं, हौद्याच्या कडेवरून ओळंबा सोडून दोरीपासून टायरच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत. गवंड्याचा ओळंबा नसेल तर दोरी आणि जड नट चालतो.

पहिलं माप दोन्हीकडे सारखं आणि दुसरं वेगळं आलं तर एक्सल बरोबर आहे, हौदा सरकलाय. पहिलंच वेगळं आलं तर एक्सल सरकलाय. समज, हौद्याच्या कडेचं माप डावीकडे ११ आणि उजवीकडे २७ मिलिमीटर आलं. फरक १६, म्हणजे सरकवायचं त्याच्या निम्मं, ८ मिलिमीटर. हा हिशोब सोपा आहे पण पूर्ण १६ सरकवून उजवीकडे घासायला लावलेले लोकही मी पाहिलेत.

एक्सल सरकलेला असेल तर माझा पहिला संशय पाट्यांच्या मधल्या पिनवर. पाट्यांचा जुडगा धरून ठेवणाऱ्या बोल्टचं डोकं फ्लिप किटच्या खोबणीतल्या भोकात नीट बसलं पाहिजे. घाईत यू-बोल्ट आवळले की ते डोकं भोकाच्या कडेवर चढून बसतं, वरून सगळं घट्ट वाटतं, आणि एक्सल काही मिलिमीटर बाजूला किंवा मागे राहतो. दुसरा संशय पाट्यांच्या डोळ्यातल्या (टोकाच्या कडीतल्या) बुशवर, म्हणजे रबरी आवरणावर. तीस वर्षांची गाडी आहे, रबर सुकून वाटाण्यासारखं झालेलं असतं. पहार घालून हलवून बघ. तिसरं, पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंची लांबी मोज. तुझ्या गाडीची मूळ लांबी ११७.५ इंच आहे, पण आकड्यापेक्षा दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते महत्त्वाचं. फरक आला तर एक्सल तिरका आहे आणि गाडी खेकड्यासारखी चालतेय.

तुझ्या गाडीत बहुधा पिन निघेल. पैज लावणार नाही, पण फ्लिप करणाऱ्याने नॉच सोडली, म्हणजे घाईचा माणूस होता.

आता नेमकं कुठे आणि किती लागतंय ते पकडायची माझी पद्धत. बरेच जण खडू नाहीतर चिकटपट्टी लावतात. त्याने लागलं की नाही एवढंच कळतं. किती जागा उरली ते कळत नाही. मी सुरुवातीला घरातली कणीक वापरायचो. घट्ट मळलेली, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, लिंबाएवढे गोळे. मडगार्डच्या आत, बंपरच्या कोपऱ्यात, चासीच्या पट्टीवर, जिथे शंका असेल तिथे चिकटवायचे. गाडी हळू चालवून आणायची, पूर्ण वळवायची, उतार चढवायची. परत आल्यावर गोळा चेपून जेवढा जाड उरला तेवढीच खरी जागा. चार मिलिमीटर उरला असेल तर आज घासत नाही, पण हौद्यात दोन माणसं बसली की घासेल. आता मुलांची खेळायची माती वापरतो, कारण कणीक उन्हात सुकून पडते आणि एकदा गाडी रात्रभर बाहेर राहिली तेव्हा शेजारच्या रॅकूनने सगळे पुरावे खाऊन टाकले. मी सहसा १० मिलिमीटरच्या खाली समाधान मानत नाही.

टायरचा हिशोब मात्र कागदावरच होतो, त्याला गाडी लागत नाही. या गाडीला कंपनीतून २३५/७५ आर १५ टायर यायचं. त्याची उंची ७३३.५ मिलिमीटर. तुझ्या २८५/४५ आर २० ची उंची ७६४.५. म्हणजे ३१ मिलिमीटर जास्त उंच आणि ५० मिलिमीटर जास्त रुंद टायर, तेही चार-सहा इंच खाली आणलेल्या गाडीत. गाडी खाली घ्यायची आणि टायर मोठं घालायचं, हे म्हणजे घराचं छत उतरवून उंट पाळण्यातला प्रकार झाला. शिवाय तुझा काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असते, हे हायवे पोलिसाला ऐकवून उपयोग नाही.

माझा सल्ला, २५५/४५ आर २० टायर आणि २० बाय साडेआठ चाक, ऑफसेट अधिक १८. उंची ७३७.५, मूळच्या जवळपास. आता बाजूचा हिशोब बघ. ऑफसेट शून्य असलेल्या तुझ्या चाकावर २८५ टायर हबच्या पृष्ठापासून बाहेर १४२.५ आणि आत १४२.५ मिलिमीटर पसरतं. माझ्या जोडीत बाहेर १०९.५ आणि आत १४५.५. म्हणजे बाहेरच्या बाजूला ३३ मिलिमीटर मिळाले आणि आतल्या बाजूला फक्त ३ गेले. वरच्या बाजूला साडेतेरा मिळाले ते वेगळे. एवढ्या जागेसाठी तू ग्राइंडर घेऊन मडगार्ड कापणार होतास, आणि कापून जेमतेम १० मिळाले असते. टायर घेताना भाराचा आकडा बघ, १०५ किंवा वरचा. १०५ म्हणजे एका टायरवर ९२५ किलो, पण कारचं टायर पिकअपला लावताना त्याला १.१ ने भागायचं असतं, मग ८४० च्या आसपास उरतो. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर पुढच्या-मागच्या एक्सलचा भार लिहिलेला असतो, त्याच्या निम्म्याशी ताडून बघ.

एक सावधगिरी. तुझ्या गाडीच्या पाच बोल्टांचं वर्तुळ १२७ मिलिमीटरचं आहे. २००७ नंतरच्या जीप रँग्लरचंही तेवढंच. त्यामुळे जीपची काढलेली चाकं स्वस्तात मिळतात आणि भोकं जुळतात म्हणून लोक उचलतात. पण त्यांचा ऑफसेट खूप जास्त असतो, चाक आत ओढलं जातं आणि टायर चासीला नाहीतर स्टिअरिंगच्या टायरॉडला लागतं. मग स्पेसर घालायचा, मग पुन्हा बाहेर घासायचं. त्या चक्रात पडू नकोस.

पुढच्या तक्रारीत मला एक गोष्ट खटकली. तू लिहिलंस की फक्त मागे घेतानाच घासतं. पुढे जाताना तेवढंच वळवलं तर नाही. टायरचा आकार दोन्ही वेळी तोच, मग फरक का? मागे येताना ब्रेक दाबलास की रस्ता चाकाला गाडीच्या पुढच्या दिशेने ढकलतो. खालच्या कंट्रोल आर्मचे (चाक चासीला धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) बुश ढिले असतील तर अख्खं चाक पुढे सरकतं आणि बंपरचा कोपरा गाठतं. त्यात ड्राइव्हवेच्या उतारावर एक चाक दबलेलं असतं. म्हणून आधी बुश बघ. एकाला ब्रेकवर बसव, पुढे-मागे हलके झटके द्यायला सांग, आणि तू लांबून चाकाचा मध्य बघ. चाक डोळ्यांना सरकताना दिसलं तर टायर कोणतंही घाल, बुश आधी बदल.

बुश झाल्यावर चाकांचं अलाइनमेंट कर. पण गाडी खाली घेऊन स्प्रिंगा बसल्यावर, निदान शंभरेक मैल चालवून. आधीच्या मालकाने निम्मी उंची ड्रॉप स्पिंडलने (चाकाचा दांडा वर सरकवलेल्या तयार भागाने) आणि निम्मी आखूड स्प्रिंगने काढलेली दिसते. स्पिंडलने चाकांचे कोन बिघडत नाहीत, स्प्रिंगने बिघडतात, चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेला झिजतं. तुझ्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरव, बहुधा टकलं लागेल. कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) ठरवताना अलाइनमेंटवाल्याला सांग की चाक मडगार्डच्या मध्यावर हवंय. वरच्या आर्मने कॅस्टर वाढवला की चाकाचा मध्य किंचित मागे जातो, तुला हवंय ते तेवढंच. एवढं करूनही कोपऱ्यात घासलं तर बंपरखालच्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा कोपरा कापायला माझी हरकत नाही, ती नवी मिळते आणि स्वस्त आहे. मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं अस्तर हीटगनने मऊ करून मागे दाबता येतं. मागे वायरिंगचा गुच्छ असतो, तो आधी बाजूला बांध.

कड वळवायचीच असेल तर पुढच्या मडगार्डची. त्यासाठी हबला लावायचं रोलरचं हत्यार भाड्याने मिळतं. रंग हीटगनने हाताला चटका बसेल इतका गरम कर, रोलर थोडा थोडा दाब, दहा-बारा फेऱ्यांत कड आत झोपेल. थंड पत्र्यावर घाई केलीस तर रंगाला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढच्या पावसात तिथे गंज येतो. टायर आणि कड यांच्यात बेसबॉलची बॅट घालून गाडी पुढे-मागे करायची जुनी पद्धत इथे अजून कोणी कोणी शिकवतो. बॅटने होतं. पण मग पत्रा लाटेसारखा होतो आणि डेंटवाल्याची पोरं शिकून जातात. मागे हौद्याच्या कडेला आतून चाकाच्या खोक्याचा पत्रा ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डने जोडलेला असतो. ती कड कापलीस तर ते दोन्ही पत्रे सुटतात. म्हणून मागे शक्यतो हात लावायचा नाही, मध्य साधायचा आणि टायर बदलायचं.

थरथर राहिली. ती बहुतेक गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलला फिरवणाऱ्या शाफ्टची आहे. चाकांचं बॅलन्सिंग आधी करून घे, स्वस्तात शंका फिटते. त्याने गेली नाही तर गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडाचा कोन आणि डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन कोनमापकाने मोज, फोनमधलाही चालतो पण डिजिटल घेतलास तर बरं. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसमधले (सांध्यांमधले) कोन १ ते ३ अंशांत आणि एकमेकांपासून १ अंशाच्या आत हवेत. फ्लिप करताना एक्सल थोडा फिरवून बसवला गेला असेल तर हा हिशोब चुकतो. दुरुस्ती पाटा आणि एक्सल यांच्यात पाचर घालून होते. पाचर लोखंडी घे, ॲल्युमिनिअमची चेपते. हे काम पिनची तपासणी करताना, यू-बोल्ट सुटलेलेच असतील तेव्हा कर. आणि यू-बोल्ट एकदा ताणले की परत वापरायचे नाहीत, नवे घ्यायचे.

जाता जाता कायद्याचं. कॅलिफोर्नियात १९५८ पासून नियम होता की बदल केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. तो चुकवायलाच १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या माणसाने आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक बसवलं. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. लोरायडरचं, म्हणजे हौसेने खाली बसवलेल्या गाड्यांचं, सगळं उड्या मारणं तिथून सुरू झालं. तो नियम १ जानेवारी २०२४ पासून रद्द झालाय, त्यामुळे दंडाची भीती नाही. पण मी आजही प्रत्येक गाडी त्याच रेषेवर तपासतो. चारही रिमच्या खालच्या कडांमधून दोरी ताणायची, आणि सायलेन्सर, शॉकचा ब्रॅकेट, आडवी पट्टी, काहीच दोरीच्या खाली यायला नको. टायर हायवेवर फुटलं तर गाडी रिमवर घसरली पाहिजे, इंधनाच्या नळीवर नाही. फ्लिप किटमध्ये यू-बोल्टची उरलेली टोकं आणि शॉकचा खालचा ब्रॅकेट खाली लोंबतो, तो बघ.

या शनिवारी एवढंच कर. मागची चार ओळंब्याची मापं, दोन्ही बाजूंची चाकांमधली लांबी, एक्सल आणि चासीमधली जागा दोन्हीकडे, आणि पुढच्या चाकाचा ब्रेक दाबतानाचा एक व्हिडिओ. डाव्या यू-बोल्टचा फोटो खालून काढ, दिवा धरून, पिनचं डोकं दिसेल असा. ते पाठवलंस की पिन की हौदा, ते सांगतो.